बोट चाकूनं नाही, स्क्रूनं कापलं

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना चाकूशी देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

ऑफिसातल्या एका पोराच्या तर्जनीला आज तीन टाके पडले. घडीच्या चाकूच्या टोकानं तो प्लगच्या डबीचा स्क्रू फिरवत होता. टोक तुटलं, हात पुढे गेला, पातं मिटलं आणि बोट मध्ये सापडलं. इथवर ठीक, अपघात होतात. पण टाके घालून तो परत आल्यावर सगळ्यांनी एकमुखानं निकाल काय दिला? "हे जुन्या पद्धतीचे चाकू बेकारच. लॉकवाला, जाड पात्याचा घ्यायला हवा होता." आणि लगेच मोबाइलवर काळे कुळकुळीत, अर्धी धार करवतीसारखी असलेले चाकू बघायला सुरुवात.

अरे, स्क्रू फिरवायला चाकू नसतोच! पात्याला पाणी चढवलेलं असतं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं असतं, ते धार टिकावी म्हणून. कडक पोलाद वाकत नाही, पिळलं की मोडतं, आणि टोकाशी तर ते सगळ्यात बारीक असतं. जाड टोक आज वाचलं असतं, उद्या दुसऱ्या स्क्रूवर गेलं असतं.

साध्या घडीच्या चाकूत, ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात, पातं उघडं ठेवणारं लॉक नसतं. मुठीच्या पाठीला एक पट्टीसारखी स्प्रिंग असते. तिचं टोक पात्याच्या बुडाच्या सपाट भागावर दाबून बसतं, आणि तेवढ्यावरच पातं उघडं राहतं. धारेनं खाली दाबून कापताना जोर पातं आणखी उघडायच्या दिशेनं जातो, म्हणून बोटं सुरक्षित. टोकानं भोसकलं, किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिला, की तोच जोर पातं मिटवायच्या दिशेनं जातो. हे एकदा समजलं की या चाकूइतकं सरळ हत्यार नाही. पण हे त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं. चाकू त्यानं दोन महिन्यांपूर्वी, फोटोतली नक्षी बघून घेतला होता.

तो चाकू मी आज हातात घेऊन बघितला. कोणी बनवला ते सांगण्यात अर्थ नाही, असे शेकड्यांनी मिळतात. पातं उघडून बाजूंना हलवलं तर डुगडुगत होतं. स्प्रिंग इतकी मऊ की करंगळीनं पातं मिटावं. मिटलेल्या पात्याचं टोक मुठीच्या वर आलेलं, म्हणजे खिशात हात घातला की बोचणार. पात्यावर दमास्कसची, म्हणजे थराथरांच्या पोलादावर दिसते तशी, लाटालाटांची नक्षी, तीसुद्धा वरवर कोरलेली, दगडावर चार वेळा घासली की पुसली जाईल अशी. आणि पोलाद कुठलं? नुसतं "स्टेनलेस". याचा राग येतो मला. नक्षीवर खर्च करायचा आणि पात्याच्या सांध्याचा खिळा नीट ठोकायचा नाही!

स्वस्त आणि चांगला जुन्या पद्धतीचा चाकू मिळतो. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

हातात घेतल्याबरोबर पातं अर्धवट उघडा आणि सोडा. मिटताना आणि पूर्ण उघडताना 'खट' असा स्पष्ट आवाज यायला हवा. मेलेला, लोण्यासारखा आवाज आला तर स्प्रिंग कमजोर. काही चाकूंत अर्ध्यावर, काटकोनात, पातं एकदा थांबतं. नवशिक्यासाठी हा थांबा फार चांगला, मिटताना बोट बाजूला घ्यायला वेळ मिळतो. मग उघडं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. वर-खाली हलत असेल तर ठेवून द्या. बाजूंना केसभर हललं तर चालेल, जास्त नाही. चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि बाजूच्या पत्र्यांमधली फट बघा. उजेड आरपार दिसला तर तिथे ओल आणि घाण जाऊन बसणार. मिटलेलं पातं मधोमध बसतंय का, टोक पूर्ण आत जातंय का, आणि मिटताना धार स्प्रिंगवर आपटतेय का, हेही बघा. धार आपटत असेल तर पात्यावर दरवेळी एकाच जागी बोथट डाग पडतो. लोक मग पोलादाला शिव्या देत बसतात.

नखाची खाच किती खोल आहे आणि स्प्रिंग किती कडक आहे तेही तपासा. नख मोडेल इतकी कडक म्हणजे मजबूत, असं कोणीतरी पसरवून ठेवलंय. चुकीचं आहे. ज्या चाकूशी उघडताना झटापट करावी लागते तोच सटकतो.

पात्याची जाडी हा माझा आवडता विषय. त्या मोबाइलवरच्या काळ्या चाकूंचं पातं साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतं. त्यानं सफरचंद कापून बघा. कापत नाही, पाचरीसारखं फाडतं. पुठ्ठ्यात अर्ध्यावर अडकतं, मग आपण जोर लावतो आणि जोर लावला की हात सुटतो. रोजच्या कामाला, म्हणजे दोरी, पुठ्ठा, फळ, पेन्सिल, पाकिटं, पाठीला दोन मिलिमीटरच्या आसपासचं पातं पुरे. धारेकडे ते पातळ होत गेलेलं हवं. लांबी साडेसहा ते साडेआठ सेंटिमीटर. पातं एकच. तीन पात्यांचे चाकू दिसायला छान, पण त्याच किमतीत तीन पाती बसवायची तर प्रत्येकात काहीतरी कमी केलेलं असतं.

नावं विचारणार म्हणून सांगते. पहिलं नाव ओपिनेल. फ्रान्सच्या साव्हॉ भागातल्या जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये केलेला, बीचच्या लाकडाची मूठ असलेला. आकारांना नंबर आहेत. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, सहा नंबरचं सात. १९५५ पासून त्याला फिरणारी पोलादी कडी आहे, पातं उघडून कडी फिरवली की मिटत नाही. म्हणजे ज्यांना लॉक हवंच आहे त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीतही लॉक आहे! आज ऑफिसात हे सांगितलं तर कोणाला पत्ताच नव्हता. पातं पातळ, धार अप्रतिम. दोष? लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं मुठीत अडकतं. तेव्हा पक्कड लावू नका. मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटा, पातं बोटांत धरता येईल इतकं बाहेर येतं. पाण्यात बुडवून धुवायचा नाही, पुसायचा. मुठीला अधूनमधून मेण चोळायचं. टोक नाजूक आहे, आणि हो, स्क्रूवर तेही तुटेल.

दुसरं, व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना सुरू केला. पोलाद जरा मऊ बाजूचं, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास. धार लवकर जाते, पण पाच मिनिटांत परत येते आणि गंजाची काळजी फारशी नाही. शिवाय त्याच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये स्क्रूसाठी वेगळं पातं असतं. तीन टाक्यांचं औषध आधीच मुठीत!

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी हा सगळ्यात साधा. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, मागे एक शेपटीसारखा तरफेचा तुकडा. स्प्रिंगही नाही, लॉकही नाही. कापताना अंगठा त्या शेपटीवर ठेवायचा, तोच लॉक. पेन्सिल तासायला याच्यासारखा नाही, पण पहिला चाकू म्हणून मी कोणाला देणार नाही. फ्रान्सच्या तिएर गावातला, १९२९ पासून बनणारा डूक-डूक सपाट असतो, खिशात कळतही नाही, पण त्याची स्प्रिंग कडक. 'लागिओल' हे नाव मात्र बघून भुलू नका. ते मुळात एका गावाचं नाव आहे आणि जगात कुठेही बनलेल्या चाकूंवर ते छापलं गेलंय. मुठीवर माशी कोरलेली आहे म्हणून चाकू चांगला ठरत नाही.

पोलादाचं थोडक्यात. कार्बन पोलाद दगडावर पटकन धार घेतं आणि गंजतंही पटकन. फळ कापून तसंच ठेवलं तर पातं करडं-निळसर होतं. हा रंग राहू द्या, तो पात्याचं रक्षणच करतो. तांबूस पूड दिसली तर तो गंज, तेल लावून घासून काढा. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही, उशिरा गंजतं इतकंच. ज्याला पुसायची सवय नाही त्यानं मुकाट्यानं स्टेनलेस घ्यावं, पण ग्रेड लिहिलेलं. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यांचं १२सी२७ हे चांगलं पोलाद आहे.

आता जे मान्य करायला हवं ते करते. शिडीवर एक हात गुंतलेला असेल तर एका हातानं उघडणारा चाकू सोयीचा. दिवसभर नुसते खोके फोडायचे असतील तर मोडत्या पात्यांचा कटर बरा. झालं. बाकी सगळ्याला साधा चाकू पुरतो.

कायद्याचं एक वाक्य, कारण आज "लॉकवालाच घ्या" फार ऐकलं. प्रत्येक देशात नियम वेगळे. ब्रिटनमध्ये तर लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, लॉकवाला नाही. आणि विमानात जाताना चाकू हातातल्या सामानात ठेवू नका.

धार. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त वेळा हात कापतो हे टाके पडल्याशिवाय पटत नाही. व्ही आकाराच्या खाचेतून चाकू ओढायचे ते डबे फेकून द्या, ते पोलाद ओरबाडतात. एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा) दगड घ्या. बाजूला अठरा-वीस अंशांचा कोन हवा. कोन मोजायला काही लागत नाही. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सहा-सात मिलिमीटर उचला, झाला कोन. साध्या स्प्रिंगच्या चाकूला दगडावर टोक पुढे करून रेटायचं नाही, बोटं मिटायच्या वाटेत ठेवायची नाहीत. एका बाजूनं आठ-दहा वेळा घासा आणि दुसऱ्या बाजूनं अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच सरकवून बघा. धारेच्या बाजूनं अंगठा कधीही ओढायचा नाही. पूर्ण लांबीभर बारीक खरखर लागली की ती 'बर' आली. ती येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बर न येताच बाजू बदलत राहतात आणि मग म्हणतात, तासभर घासलं तरी धार नाही. टोकाकडे जाताना मूठ जराशी उचला, नाहीतर टोक गोल होतं. शेवटी हलक्या हातानं एक-एक आलटून पालटून, आणि चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा, पाठ पुढे ठेवून. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की थांबा.

सांध्यात महिन्यातून एक थेंब शिलाई मशीनचं तेल. खाण्याचं काही कापत असाल तर लिक्विड पॅराफिन. खाद्यतेल अजिबात नको, ते चिकट होऊन स्प्रिंग धरतं. नवा चाकू कडक वाटला तर कोमट साबणाच्या पाण्यात, लाकडी मुठीचा सोडून, तीस-चाळीस वेळा उघडमीट करा. आतली पॉलिशची काळी घाण बाहेर येते. मग नीट सुकवून तेल.

मिटायचं कसं तेही लिहिते, कारण आजचं प्रकरण तिथेच संपलं. मूठ दोन्ही बाजूंनी धरायची, एकही बोट खाचेच्या तोंडावर नाही. दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याची पाठ ढकलायची. बस्स. हे दाखवायला दहा सेकंद लागतात, आणि त्या पोराला दोन महिन्यांत कोणी दाखवलं नाही. मीही नाही, रोज चार टेबलं सोडून बसते तरी. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय.

आत्ताच त्याचा मेसेज आला, "ताई, तो चाकू टाकून देऊ का?" कळवलंय, टाकू नकोस. मोडलेलं टोक नीट करता येतं. धारेची बाजू घासायची नाही, पाठीची बाजू घासून धारेपर्यंत उतरवायची, म्हणजे मिटल्यावर टोक आतच राहतं. दगडावर हातानं घासायचं. ग्राइंडर लावलाच तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं, पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. त्या चाकूचा सांधा सुधारणार नाही, म्हणून तो खिशात न्यायचा नाही. टाके निघाले की त्याच्यावर धार लावायला शीक, वीसदा बिघडव, हरकत नाही. कागद सरळ कापायला लागलास की आठ नंबरचा ओपिनेल घे, कार्बनचा. आणि उद्या येताना तो स्क्रू कुठला होता ते सांग, माझ्या ड्रॉवरमध्ये स्क्रूड्रायव्हर आहे.