युरिया फेका, भांगलण बंद करा म्हणे!

आठवडाभर झाला व्हॉट्सअपवर तोच फॉरवर्ड फिरतोय, "मेथी, पालक, कोथिंबिरीला दर चार दिवसाला गुंठ्याला किलोभर युरिया, भांगलण (खुरपणी) बंद, तणनाशक मारा, माल डबल." करवीरपासून शिरोळपर्यंत सगळ्यांनी पुढं ढकललाय, हिशोब कुणी केला न्हाई.

मेथी २८ दिवसात उपटली तरी सात डोस होत्यात. गुंठ्याला ७ किलो, एकरी २८० किलो, म्हणजे ४५ किलोची सहा पोती संपून वर सातवं फोडायचं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हंजे एकरी १२८ किलोच्या वर नत्र झालं. सुरू म्हंजे थंडीत लावलेल्या उसाला नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, एकरी धरली तर साधारण १००! वर्षभर रानात उभा राहणाऱ्या उसापेक्षा महिन्याची मेथी जास्त खाणार व्हय रं?

त्यात मेथी शेंगवर्गातली. रोप उपटून मुळं बघा, गाठी असत्यात, फोडल्यावर आत गुलाबी दिसलं की समजायचं हवेतलं नत्र धरायचं काम चालू हाय. युरिया जास्त झाला की त्या गाठी नीट धरतच न्हाईत.

पालक भाजीला युरिया द्या हे फॉरवर्डमधलं म्हणणं अर्धं खरं हाय. कापणी झाल्यावर थोडा युरिया नि लगेच पाणी, एवढं चालतं. पाणी न देता नुसता वर फेकलेला युरिया अमोनिया वायू होऊन उडून जातो. मी स्वतः एका हिवाळ्यात हावरटपणा केलावता, पानं हिरवीगार, हाताएवढी, पण मावा किडा असला पडला आणि पेंड्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोचेस्तोवर मऊ पडल्या, भाव काय मिळणार, डोंबल.

आता तणनाशक. ग्लायफोसेट पिकावर गेलं तर पीकच जळतं, त्याला तण आणि मेथी यातला फरक कळत न्हाई. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं, आणि आपली पालेभाजी सगळी रुंद पानाचीच की! शेजारच्या उसात फवारलं नि वारं इकडं आलं तरी पानं वेडीवाकडी होत्यात. उसात अ‍ॅट्राझीन मारलेल्या रानात लगेच भाजी टोकू नका, ते मातीत बरेच दिवस राहतंय.

भांगलणीला मजुरी लागती, बायका मिळत न्हाईत, हे दुखणं खरं हाय. पण कोथिंबीर उगवायलाच आठ-दहा दिवस घेती, तवर तण पुढं गेलेलं असतं. म्हणून पहिल्या १५-२० दिवसातली एक भांगलण चुकवू नका, फेकून पेरण्यापेक्षा ओळीत पेरा, खुरपं सरळ चालतं. आणि शेणखत कुजलेलंच घाला, कच्च्यातनं तणाचं बी आपणच वाफ्यात आणून टाकतो.