पीक भरपूर आले तरी उपासमार का होते

‘शेतीप्रधान देशाने धान्यात स्वयंपूर्णता मिळवली की भुकेचा प्रश्न मिटतो, शेतकरी तर स्वतःचेच पिकवून खातो, त्याला कसली झळ?’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातले एकेक विधान तपासून पाहू.

पुरेसे पिकले की कोणी उपाशी राहत नाही, हे पहिले विधान. बांगलादेशात १९७४ मध्ये दुष्काळाने माणसे मेली, पण १९७१ ते १९७५ या काळात दरडोई धान्य-उपलब्धता त्याच वर्षी सर्वाधिक होती, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर आले, लावणीची कामे बुडाली आणि मजुरी थांबली. पुरात गेलेले पीक एरवीही नोव्हेंबर-डिसेंबरातच हाती येणार होते. तरीही पुढच्या तुटवड्याच्या धास्तीने तांदळाचे भाव आधीच भडकले, आणि हाताला काम नसलेला भूमिहीन मजूर बाजारात धान्य असताना उपाशी राहिला. इथिओपियाच्या वोलो प्रांतातून तर १९७३ च्या दुष्काळातही काही धान्य बाहेर गेले, कारण ते विकत घेण्याची ऐपत तेथील लोकांत उरली नव्हती.

शेतकऱ्याला झळ लागत नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. अनेक अल्पभूधारक सुगीत, भाव पडलेले असताना, कर्ज फेडण्यासाठी धान्य विकतात आणि काही महिन्यांनी तेच चढ्या भावाने विकत घेतात. म्हणजे धान्य महागले की त्यांचा तोटाच होतो. अवर्षणात सगळेच एकदम जनावरे बाजारात आणतात, त्यामुळे धान्य चढते तेव्हाच जनावरांचे भाव कोसळतात. त्यातून बैल किंवा बियाणे विकावे लागले, तर पुढचा हंगामही हातचा जातो.

स्वयंपूर्णतेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. भारत आणि व्हिएतनाम यांनी २००७-०८ मध्ये तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आयातीवर विसंबलेले देश अडचणीत आले होते. पण घरच्या पिकावरच सारी भिस्त ठेवली, तर एक बिघडलेला हंगामही पुरतो. मलावीत २००१ मध्ये मक्याचे उत्पादन घटले, राखीव साठा विकला गेला, आणि आयात केलेला मका वाहतुकीच्या अडचणींमुळे उशिरा पोहोचला. तोपर्यंत २००२ च्या सुरुवातीचे, नवे पीक येण्याआधीचे उपासमारीचे महिने लोकांना काढावे लागले होते.