सिझरनंतरची कंबरदुखी आणि पाठीतलं इंजेक्शन

‘सिझरच्या वेळी पाठीत देतात त्या इंजेक्शनने मज्जारज्जूला इजा होते, औषध मणक्यात साचून राहतं आणि कंबर जन्मभरासाठी कामातून जाते, म्हणून पूर्ण भूलच मागून घ्या’ अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. भूल देणं हेच माझं काम, त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर बसलेल्या बाईकडूनही तो ऐकावा लागतो. एकेक मुद्दा घेऊ.

आधी मज्जारज्जू. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आम्ही सुई घालतो त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत. बाईला पाठ वाकवून बसवायचं, दोन्हीकडची कमरेची हाडं चाचपायची आणि त्या रेषेत फट शोधायची. सुई अर्धा मिलिमीटर जाड, कधी त्याहूनही बारीक. आतली तार ओढून काढली की मज्जारज्जूभोवतीचं नितळ पाणी थेंब थेंब येतं, म्हणजे जागा बरोबर. धोका शून्य आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सने वर्षभरातल्या सात लाखांहून जास्त अशा भुलींचा हिशेब २००९ मध्ये मांडला. शंकास्पद केसेस धरूनही कायमची इजा लाखात ४.२ निघाली, बाळंतिणींत त्याहून कमी.

औषध साचतं म्हणे. बुपिवाकेन हे औषध जेमतेम दोन मिलिलिटर असतं. काही तासांत ते रक्तात उतरतं आणि यकृत त्याची विल्हेवाट लावतं. साचून राहिलं असतं तर पाय पुन्हा हललेच नसते.

खरा गुंता कंबरदुखीचा आहे, कारण हा समज हवेतून आलेला नाही. १९९० मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ११,७०१ बायकांना टपालाने प्रश्नावली पाठवून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत बारीक नळी घालून दिलेली भूल) घेतलेल्यांपैकी १८.९ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १०.५ टक्के बायकांनी बाळंतपणानंतर सुरू झालेली, लांबलेली कंबरदुखी सांगितली. आकडे मोठे, पण विचारणा झाली ती बाळंतपणाला काही वर्षं उलटल्यावर, आठवणीच्या भरवशावर. त्यात अवघड, लांबलेल्या कळा सोसणाऱ्या बायकाच एपिड्युरल जास्त मागतात. तेव्हा कंबर सुईने दुखली की त्या बाळंतपणाने, हे कसं ठरवणार?

पुढच्या अभ्यासांनी हीच खोट दूर केली. १९९४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी बाळंतिणींची नोंद आधीच करून घेतली आणि एक-दोन महिन्यांनी विचारलं: कंबर दुखते म्हणणाऱ्या एपिड्युरलवाल्यांत ४४ टक्के, बाकीच्यांत ४५ टक्के. कंबर दुखण्याशी नातं निघालं ते आधीपासूनच्या दुखण्याचं आणि वजनाचं. मग इंग्लंडमध्ये ३६९ बायकांना चिठ्ठी टाकावी तसं एपिड्युरल आणि त्याविना अशा दोन गटांत वाटलं आणि सरासरी दोन वर्षांहून जास्त काळानंतर तपासलं. फरक नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याचाही निष्कर्ष तोच. हे अभ्यास कळांसाठीच्या एपिड्युरलचे आहेत, हे खरं. पण सिझरच्या स्पायनलची, म्हणजे पाठीतल्या त्या एका इंजेक्शनची, सुई तर एपिड्युरलच्या सुईहून कितीतरी बारीक असते.

‘पूर्ण भूल मागा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. गरोदरपणात घसा आणि श्वासमार्ग सुजलेला असतो, अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि बाळंतिणींत साधारण ३९० वेळांत एकदा ती बसत नाही. रक्त गोठण्याचा दोष असेल किंवा अगदी घाई असेल तर आम्हीही पूर्ण भूल देतो, पण कंबर वाचवायला नाही.

तक्रारी असतातच. टोचल्या जागी चार-पाच दिवस ठणकतं. थोड्या जणींना बसलं की चढणारं आणि आडवं झालं की उतरणारं डोकं धरतं. ते फारच छळत असेल तर बाईचंच रक्त पाठीत त्या जागी सोडून सुईने पडलेलं भोक बुजवता येतं. एपिड्युरलची जाड सुई चुकून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत गेली तर डोकं आणि पाठ लांबपर्यंत दुखू शकते, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. आणि ताप येऊन पाठ असह्य दुखत असेल, पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.