पोच घेतलीत का?

आज सकाळपासून जिनिव्हाहून आलेला एकच फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. एक तरतरीत तरुण चेहरा, शेजारी कुठल्याशा देशाचे माजी पंतप्रधान, हातात हात, आणि खाली लांबलचक मजकूर: जागतिक नेत्यांच्या सहवासात मी शिकलेले नेतृत्वाचे धडे. नम्र राहा. ऐकून घ्या. मोठी स्वप्नं पाहा. त्याखाली लाल बदामांचा पाऊस.

पोरावर राग नाही. पोर गुणी दिसतंय. राग त्या मजकुराचा आहे. नम्र राहा हे शिकायला जिनिव्हाला कशाला जायला हवं? ते शाळेच्या फळ्यावर रोज सुविचारात लिहिलेलं असतं. पूर्ण पोस्ट वाचून काढली, एवढंच शोधत की या मुलाने समोरच्या माणसाकडे मागितलं काय? ते कुठेच नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतानाचा फोटो पेपरात रोज असतो. दहा माणसं, एक कागद, आणि दहाही जणांची बोटं त्या कागदाला लागलेली. ज्याने कधी सरकारी काम तडीला नेलंय तो फोटोकडे बघतही नाही. तो विचारतो, आवक क्रमांक किती? पोच घेतलीत का? राष्ट्राध्यक्ष भेटले तरी प्रश्न हाच असतो.

धडेच हवे असतील तर वानुआतूकडे बघा. पॅसिफिकमधला तीनेक लाख वस्तीचा बेटांचा देश. पोर्ट व्हिलाला साउथ पॅसिफिक विद्यापीठाचं विधी महाविद्यालय आहे. 2019 साली तिथल्या 27 विद्यार्थ्यांनी एक प्रश्न हातात घेतला: समुद्र आपली बेटं गिळतोय, तर कायद्याने सगळ्यात वरचं दार कुठलं ठोठावता येईल? उत्तर आलं, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. पण तिथे विद्यार्थ्याला उभं राहता येत नाही, संस्थेलाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 96 प्रमाणे आमसभा या न्यायालयाकडे सल्लागार मत मागू शकते, आणि आमसभेत ठराव आणायला देश लागतो. म्हणजे या मुलांना कुणी थोर माणूस भेटायला नको होता, एक सरकार हवं होतं. त्यांनी पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूने ते काम अंगावर घेतलं. राल्फ रेगेन्वानू तेव्हा परराष्ट्रमंत्री होते.

त्यांनी मंत्र्याकडे काय मागितलं ते नीट बघा. ‘हवामानबदल थांबवा’ असं नाही मागितलं. ते मंत्र्याच्या बापाच्याही हातात नाही. मागणी अशी होती जी तो माणूस स्वतःच्या सहीने पुढच्या बैठकीत ठेवू शकतो. ऑगस्ट 2019 मध्ये तुवालूला पॅसिफिक देशांच्या नेत्यांची परिषद झाली, आणि तिच्या अंतिम निवेदनात या प्रस्तावाची अनुकूल नोंद झाली. एक ओळ, पण अठरा देशांच्या मंचाच्या अधिकृत कागदावरची. ही पोच.

आणि नेता स्वतः तुमच्या बाजूला उभा राहिला की काम झालं, असं वाटत असेल तर हेही ऐका. हाच विचार 2011 मध्ये पॅसिफिकमधल्याच पलाऊच्या राष्ट्राध्यक्षांनी, जॉन्सन टोरिबियाँग यांनी, थेट आमसभेच्या व्यासपीठावरून मांडला होता. मार्शल बेटं सोबत होती. ठराव मतदानापर्यंत पोचलाच नाही. मागे पुरेशी डोकी नव्हती आणि मोठ्या देशांना तो आपल्यावरचा आरोप वाटला. वानुआतूने उलटं केलं. आधी माणसं जमवली. मसुदा ठरवायला 18 देशांचा गट बांधला, त्यात बांगलादेश आणि मोझांबिक होते तसे जर्मनी आणि सिंगापूरही होते. न्यायालयासाठी प्रश्नही असा घडवला की दोषी कोण हे त्यात नाही. देशांची कायदेशीर कर्तव्यं काय, आणि ज्यांच्या कृत्याने वा निष्क्रियतेने मोठी हानी झाली त्यांच्यावर कायदेशीर परिणाम काय, एवढंच. नाव घेतलं असतं तर नाव घेतलेला देश आणि त्याचे मित्र त्याच दिवशी विरोधात गेले असते. मोर्च्यात हे शिकवत नाहीत. घोषणेत नाव लागतं, ठरावात नाव टाळावं लागतं.

आता मलालाची गोष्ट, कारण ‘भेट’ म्हटलं की सगळे तिचाच फोटो टाकतात. 11 ऑक्टोबर 2013. सोळा वर्षांची मुलगी व्हाइट हाउसमध्ये ओबामांसमोर बसली आणि म्हणाली की पाकिस्तानातल्या अमेरिकी ड्रोन हल्ल्यांमुळे दहशतवादाला खतपाणी मिळतंय, निरपराध मरतात आणि लोकांत चीड वाढते. व्हाइट हाउसने भेटीचं जे निवेदन काढलं त्यात मुलींच्या शिक्षणाचं कौतुक होतं, ड्रोनचा शब्द नव्हता. जगाला ते कळलं कारण तिने स्वतःचं निवेदन काढलं. नाहीतर त्या दुपारचा एक गोड फोटो उरला असता, बस्स. भेटीचा वृत्तांत यजमान लिहितो आणि नको ते वगळतो. तुमचा मजकूर आधीच टाइप करून तयार हवा, बाहेर पडल्यावर तासाभरात जायला हवा. उशीर झाला की त्यांचाच इतिहास होतो.

जे अशा भेटीला जातायत त्यांच्यासाठी सांगते. पंधरा मिनिटं दिली आहेत म्हणजे हातात आठ आहेत असं धरा. तीन-चार स्वागतात जातात, उरलेली तुमच्या कहाणीत, कारण मोठी माणसं ‘तू इथवर कशी आलीस?’ असं फार प्रेमाने विचारतात. हा सापळा आहे. मुद्दाम लावलेला असतो असं नाही, पण वेळ त्यातच संपतो. दोन वाक्यांत उत्तर द्या आणि कागद पुढे करा. कागद एकच पान. वर मागणी एका वाक्यात, खाली ती त्यांच्या कुठल्या अधिकारात बसते ते, मग तारीख. प्रती तीन: एक नेत्याला, एक स्वीय सचिवाला, एक आपल्याकडे. खरी प्रत सचिवाची, नेत्याची टेबलावर राहून जाते. तुमच्यातला एक बोलणारा, एक टिपणं घेणारा. सगळेच बोलले तर कुणाचंच ऐकलं जात नाही, आणि टिपण नसेल तर महिन्याने ‘आम्ही असं म्हटलोच नव्हतो’ हे ऐकावं लागतं. फोटो मागणी मांडून झाल्यावर. आधी काढला की सगळे उठतात, उठलेला माणूस परत बसत नाही. ‘नक्की बघू’ आलं की लगेच विचारा, यावर आम्ही कुणाशी बोलू? नाव मिळालं तर भेट झाली. त्याच रात्री त्या नावाला ईमेल, कागद जोडून.

भाषणाची हौस असते ती सोडा. ग्रेटा थुनबर्गने सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे भाषण वाचलंच नाही, दीड अंश तापमानवाढीवरचा शास्त्रज्ञांचा अहवाल साक्ष म्हणून ठेवला. आपल्याकडे तिच्यावर विनोद करणाऱ्यांनी हे कधी बघितलंय का? जाऊ दे.

फोटोचं काय मोल असतं ते युगांडाच्या व्हेनेसा नकाटेला विचारा. जानेवारी 2020, दावोस. हवामानबदलावर काम करणाऱ्या पाच तरुण कार्यकर्त्या रांगेत उभ्या होत्या. वृत्तसंस्थेने जो फोटो पाठवला त्यात चार उरल्या, चौघी युरोपातल्या. व्हेनेसा कापली गेली. मागाहून संस्थेने दिलगिरी व्यक्त केली, पण ती स्वतः बोलली म्हणून. म्हणजे ज्या फोटोसाठी आपण एवढे जीव टाकतो तोही आपला नसतो, कात्री दुसऱ्याच्या हातात असते. आणि आपण ‘नम्र राहा’ शिकवतोय! तिने नम्र राहायला हवं होतं का?

बरं, फोटोने दारं उघडतात, हे मान्य. देणगीदाराला फोटो लागतो. घरच्यांनाही लागतो, पोरीला एकटीला परदेशी पाठवलेलं असतं त्यांनी. काढा फोटो.

तर वानुआतूची पोरं. मार्च 2023 च्या पहिल्याच आठवड्यात ज्युडी आणि केविन ही दोन चक्रीवादळं काही दिवसांच्या अंतराने त्या देशावर आदळली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला न्यूयॉर्कमध्ये आमसभेत त्यांचा ठराव, क्रमांक 77/276, मंजूर झाला. 132 देश सहप्रायोजक, मतदान मागितलं गेलंच नाही. डिसेंबर 2024 मध्ये हेगला सुनावणी झाली, 96 देश आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. त्या 27 मधली सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही पहिल्याच दिवशी न्यायाधीशांपुढे उभी होती. वर्गात प्रश्न पडल्यापासून पाचेक वर्षांनी. हे वाचताना दरवेळी गळा दाटतो, काय करू.

भारतानेही बाजू मांडली. विकसित देशांची ऐतिहासिक जबाबदारी दाखवून दिली, ते रास्तच, आणि न्यायालयाने नव्या जबाबदाऱ्या निर्माण करू नयेत असंही सांगितलं. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठी उभं राहून हे दुसरं वाक्य म्हणून बघा.

23 जुलै 2025 ला न्यायालयाचं सल्लागार मत आलं, एकमताने. मोठी हानी टाळण्याचं कर्तव्य फक्त हवामान करारांतून येत नाही, रूढ, म्हणजे करार नसतानाही देशांनी पाळायच्या, आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येतं. ते मोडलं तर चूक थांबवावी लागते, आणि त्या चुकीनेच हानी झाली हे सिद्ध झालं तर भरपाईही. खनिज इंधनाला परवाने आणि अनुदानं देणंसुद्धा त्यात येऊ शकतं. बंधनकारक नाही, हो, माहितेय, कमेंटमध्ये सांगू नका. पण आता कुठल्याही देशातला वकील हे मत आपल्या न्यायाधीशापुढे ठेवू शकतो.

ज्यांची मुलं या वर्षी कुठल्या परिषदेला निघालीत त्यांनी ते एक पान इनबॉक्समध्ये पाठवा, रात्री जेवणानंतर बसून वाचून देईन. मागणी दोन वाक्यांची झाली असेल तर आधी एक खोडा, मग पाठवा. आणि ज्या सचिवाला द्यायचंय त्याचं नाव वरच्या कोपऱ्यात लिहा, पदनाम नको, नाव.