अभ्यास एके अभ्यास

‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं सगळं आम्ही बघतो.’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे वाक्य किती मायेनं सांगितलं जातं! सांगणाऱ्या आईवडिलांनी बहुतेक वेळा स्वतः खस्ता खाल्लेल्या असतात, त्यामुळे त्यामागची तळमळ मला कळते. तरीही या वयाच्या मुलांना इतकी वर्षं शिकवताना जे पाहत आले, त्यावरून माझं मत पक्कं झालंय की या वाक्यानं मुलांचं नुकसान होतं. शिकत्या मुलाच्या वाट्याला थोडं तरी असं काम यायला हवं, जे त्यानं केलं नाही तर दुसऱ्या कुणाचं अडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी बालमजुरीची बाजू घेत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती आणि त्यातली सुमारे ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामांत. या मुलांना आधी शाळेत आणलं पाहिजे, त्यात दुमत असूच शकत नाही. पण ज्या १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारानं कामासाठी किमान वय साधारण १५ वर्षं ठरवलं, त्यातच १३ वर्षांपुढच्या मुलांना हलकं काम करता येईल अशी सोय आहे. अट एवढीच की त्या कामानं तब्येत आणि शाळा बिघडता कामा नये. म्हणजे करार करणाऱ्यांनीही काम आणि मजुरी यांत फरक केला होता. आपण घरात बोलताना तो करत नाही.

संपूर्ण किशोरवय शाळेत घालवायचं ही पद्धत तशी अलीकडची आहे. १९०० साली अमेरिकेत १४ ते १७ वयाची जेमतेम ११ टक्के मुलं हायस्कूलात होती, १९४० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलं. एका पिढीच्या अवधीत मुलं शेतातून, दुकानातून, कारखान्यातून उठून वर्गात आली. हा फार मोठा फायदा होता आणि तो कुणीही परत देऊ नये. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. दिवसभर वेगवेगळ्या वयाच्या माणसांत वावरणारी मुलं आता दिवसभर फक्त आपल्याच वयाच्या मुलांत राहू लागली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉयमधल्या दहा शाळांचा अभ्यास करून १९६१ साली दाखवलं, की तिथे मुलांचा मान ठरायचा तो खेळातल्या कामगिरीवर आणि लोकप्रियतेवर, अभ्यासाची हुशारी बरीच मागे होती. त्यात मला नवल वाटत नाही. मोठ्यांच्या जगात ज्याला काही स्थान नाही, तो आपल्या वयाच्या जगात स्थान शोधणारच.

शाळेची मोठी देणगी म्हणजे सवड. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम ‘मी कोण’ हे शोधणं असं मानलं, आणि त्यासाठी समाजानं मुलांना थोडी मुदत द्यावी लागते, हेही सांगितलं. या मुदतीत चुकता येतं, मन बदलता येतं. पुढे मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये याच कल्पनेची नीट मांडणी केली. काही तरुण शोध घेऊन निर्णयावर येतात, काही शोध न घेताच दुसऱ्यानं ठरवलेली वाट धरतात, काही अजून शोधात असतात, काहींनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलंही नसतं. तेराव्या वर्षी पूर्णवेळ कामाला जुंपलेल्या मुलाला दुसऱ्यानं ठरवलेल्या वाटेशिवाय काही मिळत नाही. म्हणूनच शाळा हवी.

पण हे वाचताना मला नेहमी वाटतं, की ‘फक्त अभ्यास कर’ असं ऐकत वाढलेला, डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं हे आठव्या वर्षीच ठरवून दिलेला मुलगाही तिथेच उभा असतो. सवड त्याच्याकडे भरपूर होती, शोध घ्यायला काहीच नव्हतं.

वर्गात चूक झाली तर मार्क जातात, आणि ते आपलेच जातात. बाकी कुणाला काही होत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, उत्तर लिहून झालं की पुन्हा पाहायचाच नाही. कितीही सांगा, वही मिटायची ती मिटायचीच. तोच मुलगा सुट्टीच्या दिवशी काकांबरोबर सायकली दुरुस्त करायचा. तिथे त्याला ब्रेक बसवताना मी पाहिलंय. आवळायचा, चाक फिरवून बघायचा, पुन्हा सैल करायचा, पुन्हा बघायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘बाई, यावर कुणीतरी बसणार ना.’ काळजीपूर्वक काम करणं त्याला येत होतं. आम्ही शाळेत त्याला त्यासाठी कारणच दिलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच विसंगती दाखवली आहे. मुलांना स्वतः ठरवावंसं वाटू लागतं, मोठ्यांशी जवळचं नातं हवं असतं, आणि त्याच सुमारास ती वरच्या शाळेत जातात, जिथे शिस्त वाढते, निवड कमी होते आणि शिक्षक लांबचे होतात. या वयात मुलं बिघडतात असं आपण सर्रास म्हणतो. त्यातलं किती वयामुळे आणि किती या व्यवस्थेमुळे, हे निदान स्वतःला विचारायला तरी हवं.

कामानं काय होतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळातलं आहे. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या जुन्या नोंदी अभ्यासल्या. ही मुलं मंदी आली तेव्हा किशोरवयाच्या उंबरठ्यावर होती. वडिलांची कमाई घटलेल्या घरांत मुलगे छोटी कामं करू लागले, मुलींनी घर सांभाळलं. काम करणारी ही मुलं जास्त कष्टाळू आणि पैशाच्या बाबतीत जास्त जबाबदार दिसली. घराला आपला हातभार लागतोय हे त्यांना दिसत होतं. याउलट दुसऱ्या एका गटातली जी मुलं मंदी आली तेव्हा अगदी लहान होती, त्यांतल्या मुलग्यांना तीच गरिबी जास्त बाधली. त्यांना घरातला ताण सोसायचा होता, पण करण्यासारखं हाती काही नव्हतं. गरिबी चांगली असा याचा अर्थ नाही. संकटात आपलाही काही उपयोग आहे, हे कळण्याला या वयात फार किंमत आहे, एवढंच मला यातून दिसतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हलक्यानं घेत नाही. मानसशास्त्रज्ञ एलन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या नोकऱ्यांबद्दल धोक्याचा इशारा दिला. आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करणाऱ्या मुलांचं शाळेतलं लक्ष कमी आढळलं, व्यसनं जास्त आढळली. त्यावर वादही झाले, कारण शाळेतून मन उडालेली मुलंच मुळात जास्त तास काम शोधतात. पण मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात समाजशास्त्रज्ञ जेलन मॉर्टिमर यांनी १९८८ पासून नववीतल्या सुमारे हजार मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा चित्र जास्त स्पष्ट झालं. थोडे तास, पण सातत्यानं काम करणारी मुलं पुढच्या शिक्षणातही चांगली टिकली. कामात काही शिकायला मिळतं का, यावरही बरंच अवलंबून होतं. दिवसभर एकच बटण दाबणं आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकणं, या दोन्हींना काम म्हणून एकाच मापानं मोजणं चुकीचं आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण संपल्यावर साधारण दोन-तृतीयांश मुलं व्यवसाय-शिक्षणाकडे वळतात. त्यातली बहुतेक आठवड्याचे तीन-चार दिवस कामावर असतात आणि उरलेले एक-दोन दिवस शाळेत. त्यांना पगार मिळतो, आणि पुढे उच्च शिक्षणाचा रस्ताही खुला राहतो. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. ज्या कामातून परतीची वाट नाही, ते शिकत्या मुलाला देऊ नये.

आणि झोप. वयात येताना मेंदूत झोपेची चाहूलच उशिरा लागते, हा आळस नव्हे. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका असं सुचवलं. सिएटलनं २०१६ मध्ये वेळ ७:५० वरून ८:४५ केली, तेव्हा मुलं रोज सुमारे ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. काम झोप खात असेल तर ते बंद करा. क्लास झोप खात असेल, तर त्यालाही हाच नियम लावा. रात्री अकरापर्यंत क्लास चालतो त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, पण मुलानं तासभर कुठे मदत केली की ‘अभ्यासाचं काय’ हा प्रश्न येतो.

मुलींबद्दल वेगळं बोलायलाच हवं. युनिसेफनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की ५ ते १४ वयाच्या मुली घरकामात मुलांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात. त्यामुळे ‘मुलांना काम द्या’ असं मी म्हणते तेव्हा अनेक मुलींच्या बाबतीत ते उलटं वाचावं. त्यांचं काम कमी करा, ते भावाला द्या, आणि उरलेल्या कामाचं श्रेय तिला द्या. जे गृहीत धरलं जातं, ज्यात तिला काही ठरवता येत नाही, त्यातून आत्मविश्वास वाढत नाही. तिथे फक्त दमणूक होते.

शाळांनाही करता येण्यासारखं खूप आहे. वाचनालयाची देवघेव मुलांवर सोपवा, पुस्तकं कोणती घ्यायची हे ठरवण्याच्या अधिकारासकट. मोठ्या मुलांना लहानांना वाचायला शिकवू द्या. मागे बसणारी, ‘हिला काही जमत नाही’ असा शिक्का बसलेली मुलगी सात वर्षांच्या पोराला अक्षर समजावताना कशी बदलते, ते मी पाहिलंय. ती दुसऱ्या दिवशी गैरहजर राहत नाही, कारण तो पोरगा वाट बघत असतो.

परीक्षेचं वर्ष आलं की घरातून सगळ्यात आधी ही जबाबदारीच काढून घेतली जाते. आजीची औषधं तो बघायचा, ती आता आई बघते. धाकट्या भावाचा अभ्यास ती घ्यायची, ते बंद. मला वाटतं, वेळ कमी करावा, पण सगळंच काढून घेऊ नये. आजीच्या औषधांना दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं त्याच्याकडेच राहू द्या.