३०० रुपयांच्या तपासणीबद्दल

नमस्कार. तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दवाखाना बंद करताना वाचला. शनिवारी तुम्हाला सव्वा तास बसून राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पावसाळ्यात नायट्याचे पेशंट खूप वाढतात, आणि त्या दिवशी माझं वेळेचं गणित चुकलं.

पण ‘नुसतं बघून कळतं त्यासाठी ३०० रुपयांची टेस्ट लावून लुबाडलं’ हे वाक्य मला फार लागलं. लालबागमध्ये १४ वर्षं दवाखाना चालवतेय. लुबाडलं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

नायटा एरवी बघून कळतो, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. गोल चट्टा, लालसर उठलेली कड, मध्ये त्वचा जरा साफ. इतकं स्पष्ट दिसलं तर मी तपासणी सांगतच नाही. पण तुम्हीच लिहिलंय, की मेडिकलमधून आणलेली ट्यूब दोन महिने लावत होता आणि तिने बरं वाटत होतं. अशा बहुतेक ट्यूबांमध्ये क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दबते, पण ज्या बुरशीमुळे नायटा होतो ती मात्र पसरत राहते. कड पुसट होते आणि नायटा एक्झिमासारखा, म्हणजे बुरशीमुळे न होणाऱ्या खाजऱ्या त्वचारोगासारखा, दिसायला लागतो. एक्झिमाला स्टेरॉइडचं मलम देतात. नायट्यावर तेच लावलं तर तो चिघळतो. मी अंदाजाने औषध लिहून दिलं असतं आणि तो अंदाज चुकला असता, तर?

म्हणून कडेची साल खरवडून काचपट्टीवर घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पेशी विरघळेपर्यंत थांबायचं आणि मायक्रोस्कोपमधून बुरशीचे तंतू शोधायचे. याला १५-२० मिनिटं लागतात. ती काचपट्टी मी स्वतः बघते, बाहेर पाठवत नाही. तुमच्या सव्वा तासातली २० मिनिटं तिथे गेली, हेही सांगायला हवं.

खाज वाढल्याचं लिहिलंय. स्टेरॉइडची ट्यूब बंद केली की सुरुवातीचे काही दिवस ती उसळतेच. मी हे सांगितलं होतं, गर्दीत कदाचित नीट पोचलं नसेल. कृपा करून पुन्हा त्या ट्यूबकडे वळू नका आणि गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. हल्लीची बुरशी पूर्वीसारखी पटकन दाद देत नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी मलम आणखी दोन आठवडे लावा. टॉवेल वेगळा ठेवा, भिजलेली पँट अंगावर वाळू देऊ नका, आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही घेऊन या. नाहीतर नायटा एकमेकांकडून परत येत राहतो.

टोकनची काहीतरी सोय करते, तपासणीचे दरही बाहेर लावायचं बघते.

दोन आठवड्यांनी दाखवायला या. त्या भेटीची फी नाही. ती आधीही नव्हती, तुमच्या कागदावर मागच्या बाजूला तसं लिहून दिलंय.