‘कोगितारे’: मंथन की जमवाजमव?

सप्रेम नमस्कार. ‘विचार करणे’ यासाठीच्या ‘कोगितारे’ या लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ मी ‘मनात विखुरलेले पुन्हा पुन्हा गोळा करणे’ असा लावला होता. त्यावर आपला आक्षेप असा की, शब्दकोशात त्याची फोड ‘को’ म्हणजे एकत्र आणि ‘आगितारे’ म्हणजे हलवणे अशी दिलेली असताना सरळ अर्थ ‘मंथन’ होतो, आणि गोळा करण्याची कल्पना माझ्या पदरची आहे. शिवाय ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला ती मुळीच अभिप्रेत नव्हती.

फोड आपण म्हणता तीच आहे. मात्र ‘आगितारे’ हे ‘आगेरे’ म्हणजे हाकणे यापासून झालेले रूप आहे (संस्कृतातील ‘अज्’ धातू त्याचाच भाऊबंद), आणि त्यातील ‘इत’ क्रियेची वारंवारता दाखवतो. त्याच ‘आगेरे’ला ‘को’ जोडला की ‘कोगेरे’ होते, म्हणजे गुरे हाकून एका जागी आणावीत तसे एकत्र आणणे.

हा संबंध मी जोडलेला नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन विद्वान व्हारोने लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात ‘कोगितारे’ हे ‘कोगेरे’पासून आले असे सांगितले आहे: मन अनेक गोष्टी एकत्र आणते, म्हणजे त्यांतून निवड करता येते. लगेच पुढे त्याने दाखला दिला आहे तो दूध धरून, म्हणजे घट्ट होऊन, होणाऱ्या चीजचा. चीजच्या लॅटिन नावाची त्याने लावलेली व्युत्पत्ती आज टिकत नाही, पण दाखला बोलका आहे, कारण घुसळताना विरजलेले मोडते, तर येथे पातळ असलेले धरते. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात वारंवारतेचा मुद्दा अधिक नेटका मांडला: शिकलेले काही काळ आठवले नाही, तर ते मनाच्या दूरच्या कोपऱ्यांत बुडते आणि पुन्हा वेचून आणावे लागते, म्हणून ‘आगो’चे जसे ‘आगितो’, तसे ‘कोगो’चे ‘कोगितो’ (ही त्याच क्रियापदांची ‘मी’ची रूपे).

देकार्तविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि माझे विवेचन त्याच्याविषयी नव्हतेही. त्याने ते प्रसिद्ध वाक्य 1637 मध्ये आधी फ्रेंचमध्ये लिहिले, आणि त्यातील ‘पांसे’ हे क्रियापद तर लॅटिनमधील ‘तोलणे’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले. 1644 च्या लॅटिन ग्रंथात त्याच जागी ‘कोगितो’ आले. त्याच्या लेखी शंका घेणे, नाकारणे, इच्छा करणे, इतकेच काय, कल्पना करणे हेही ‘कोगितो’तच मोडते. तेव्हा त्याच्या वाक्यात ना जमवाजमव घालावी, ना मंथन. तेथे ‘मी विचार करतो’ हेच ठीक आहे.